लडाखच्या मार्मोटचा सराव अंजनेरीवर

ताई, तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडते. तुम्ही, तुमचे मिस्टर, सासरे आणि नऊ वर्षांची लेक असे चौघं नाशिकहून जूनच्या दुसऱ्या आठवड्यात लडाखला निघालात. लेकीने कुठल्याशा व्हिडिओत मार्मोट माणसाच्या हातातलं बिस्किट खाताना पाहिलाय आणि तेव्हापासून तिचा हट्ट चाललाय. तो कुठे दिसेल, किती वाजता, मोबाइलवर फोटो येईल का, असं तुम्ही विचारलंय. शिवाय जायच्या आधी एप्रिल-मेमध्ये सरावाला म्हणून जे इथले डोंगर चढणार आहात, तिथे भर उन्हाळ्यात काही दिसतं तरी का, हेही. लेकीचा प्रश्न वेगळाच आहे: मार्मोट शीळ घालतो ती ओठांनी का? तो मी शेवटी घेते. मला तोच सगळ्यात आवडला.

वीसेक वर्षं नाशिकमधून लहान-मोठे गट घेऊन डोंगरात जाते, वर्षातून एकदा हिमालयात. तेव्हा आधी हे सांगते, की मार्मोट दिसेल की नाही ही काळजी सोडा. जूनमध्ये तांगत्सेहून पँगाँगकडे जाताना, किंवा त्सो कार आणि त्सो मोरीरी या तळ्यांच्या वाटेवर, तो न दिसणंच अवघड. खरी गंमत गाडी थांबल्यावर कळते. दार उघडल्यावर तो बिळाकडे पळाला तर तुम्ही रानातला प्राणी पाहिलात. तो तुमच्याकडे पळत आला तर त्र्यंबकेश्वरच्या ब्रह्मगिरीच्या पायऱ्यांवर पिशव्या ओढणारी माकडं आठवा. तीच गोष्ट, फक्त उंची चार हजार मीटर. तुमच्या लेकीने व्हिडिओत जे पाहिलं ते हे दुसरं.

आता हा प्राणी नक्की कोण, ते. मार्मोट हा खारीच्या कुळातला. म्हणजे तुमच्या अंगणातल्या पेरूवर चढणारी खार आणि भीमाशंकरच्या झाडीतला शेकरू, आपला राज्यप्राणी, हे त्याचे भाऊबंद. शेकरू जमिनीवर क्वचितच उतरतो आणि मार्मोट जमिनीत राहतो, एवढाच काय तो घरचा वाद. अंगाने मोठ्या बोक्याएवढा, पण बोक्यापेक्षा पसरट, चार ते नऊ किलोंचा. आपल्याकडे दोन जाती दिसतात. पँगाँग, त्सो मोरीरी, हानले या पूर्वेच्या पठारावर हिमालयी मार्मोट: पिवळट तपकिरी, पाठीवर काळपट झाक, तोंड गडद, शेपूट आखूड. लडाखी लोक त्याला फिया म्हणतात. द्रास, कारगिल आणि काश्मीरच्या बाजूला लांब शेपटीचा मार्मोट: रंगाने तांबूस, जवळजवळ विटकरी, आणि शेपूट चांगली झुबकेदार. काश्मीरमधल्या तळ्यांच्या ट्रेकवर दिसतो तो हाच.

या लांब शेपटीवाल्याची एक गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगते. महाभारताच्या सभापर्वात युधिष्ठिराला उत्तरेकडच्या लोकांनी नजराणा म्हणून ‘पिपीलिक’ सोनं आणलं असा उल्लेख आहे, म्हणजे मुंग्यांनी उकरून काढलेलं. ग्रीक इतिहासकार हेरोडोटसनेही भारताच्या टोकाला कुत्र्यापेक्षा लहान आणि कोल्ह्यापेक्षा मोठ्या, सोनं उकरणाऱ्या मुंग्या असल्याचं लिहिलंय. मिशेल पेसेल या फ्रेंच प्रवाशाचं म्हणणं असं, की या मुंग्या म्हणजे बाल्टिस्तानातल्या देवसाईच्या पठारावरचे मार्मोट. ते बीळ खणताना जी माती बाहेर टाकतात तिच्यात सोन्याचे कण सापडतात आणि तिथले लोक ते गोळा करत असत. खरं-खोटं विद्वान बघतील. पण बिळाच्या तोंडाशी साठलेला तो मातीचा उंचवटा समोर दिसला, की पोरं हमखास त्यात सोनं शोधायला लागतात.

जूनच का, तेही समजून घ्या. मार्मोट वर्षातला निम्मा काळ झोपतो. साधारण ऑक्टोबरात अख्खं कुटुंब एका बिळात शिरतं, तोंड माती, दगड, गवताने आतून बंद करतं आणि एप्रिल-मेपर्यंत बाहेर येत नाही. ही झोप म्हणजे आपली रात्रीची झोप नव्हे. अंगाचं तापमान काही अंशांपर्यंत उतरतं, हृदय मिनिटाला मोजके ठोके देतं. मधून मधून जागं होऊन अंग गरम करायचं आणि परत झोपायचं. हे सगळं उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर. म्हणून जूनमध्ये तो तुम्हाला दिसतो तेव्हा खात असतो, ऊन घेत असतो, नाहीतर पहारा करत असतो. सहा महिन्यांच्या उपासाचं आधीचं देणं फेडायचं आणि पुढच्यासाठी साठवायचं, इतक्या थोड्या दिवसांत. पिल्लं बिळाबाहेर येतात ती साधारण जूनअखेर ते जुलैत. तुम्ही दुसऱ्या आठवड्यात जाताय, तेव्हा पिल्लांसाठी हटून बसू नका.

वेळ सकाळी ऊन बिळावर आल्यापासून दोन-तीन तास, आणि मग दुपारी चारनंतर. भर दुपारी आणि जोराच्या वाऱ्यात तो आतच राहतो. बहुतेक पर्यटकांच्या गाड्या तिथे नेमक्या दुपारी पोचतात. तेव्हा बाहेर असतो तो बिस्किटवाला.

मी एकदा काय केलं ते सांगते. त्सो कारजवळ एका उतारावर बिळं दिसली. आम्ही पाच जण, वारा तोंडावर घेऊन, बिळांपासून साधारण साठ पावलांवर मॅटवर बसलो. बोलायचं नाही, उठायचं नाही. पहिली दहा मिनिटं काहीच नाही. मग एका बिळातून फक्त नाक. नाक तसंच, हललं नाही, मी घड्याळ पाहिलं, सात मिनिटं. मग डोकं, मग पुढचे दोन पाय. त्याने मान वळवून आकाशाकडे पाहिलं, आमच्याकडे नाही. आम्हाला तो विसरला होता अशातला भाग नाही, पण त्याच्या लेखी गरुड मोठा होता. मग तो पूर्ण बाहेर येऊन सपाट दगडावर पालथा पसरला, चारही पाय लांब, पोट दगडाला टेकलेलं. आपण दुपारी जेवून थंड फरशीवर पडतो ना, तसा. अर्ध्या तासाने वरच्या बिळातला दुसरा आला, दोघांनी नाकाला नाक लावलं आणि मग चक्क कुस्ती सुरू केली, मागच्या पायांवर उभं राहून, एकमेकांच्या खांद्यावर हात ठेवून. तेवढ्यात आमच्यातल्या एकाच्या पायाला मुंग्या आल्या म्हणून तो उठला. एकच कर्कश किंकाळी. पुढच्या क्षणी उतारावर नुसते दगड.

त्या किंकाळीचा अर्थ एवढाच: जवळ आलात. म्हणून माझ्या गटात एक नियम आहे. मार्मोटने आवाज दिला तर आपली चूक, सगळ्यांनी वीस पावलं मागे यायचं. कुठला प्राणी किती अंतरावर बिथरतो हे कुठल्याही पुस्तकातून शिकता येत नाही. ते अंगात मुरायला लागतं, आणि मुरवायला लडाखची गरज नाही.

आता तुमच्या सरावाबद्दल. लोक सराव म्हणजे दम वाढवणं समजतात. दम वाढेलच. पण सासरे आणि लेक बरोबर आहेत, तेव्हा माझ्या मते त्याहून महत्त्वाचं आहे ते अर्धा तास न हलता बसायला शिकणं. उन्हाळा त्यासाठी उत्तम. गवत वाळलेलं, पानं गळालेली, पाणी मोजक्याच ठिकाणी. पावसाळ्यात आपल्या नाशिकजवळच्या अंजनेरीवर हजार माणसं जातात आणि धुकं बघून येतात. जनावर बघायचं तर मार्च ते मे. फक्त पहाटे साडेपाचला चढायला सुरुवात आणि साडेदहाच्या आत खाली, हे पाळा. चाळीस अंशांत सासऱ्यांना उतरवायची वेळ आणू नका. माणशी तीन लिटर पाणी, गूळ-शेंगदाणे, आणि खाली गाडीत ताक.

सुरुवात टिटवीपासून करा. हसू नका. मार्मोटच्या शिळेचा आपल्याकडचा धडा तीच देते. मार्चपासून टिटव्या उघड्या जमिनीवर अंडी घालतात, घरटं म्हणजे काय तर चार खडे आणि एक खळगा. अंडी चार, मातकट, काळ्या ठिपक्यांची, निमुळती टोकं आत वळवून ठेवलेली. पायाखाली आली तरी कळणार नाहीत. तुम्ही माळावरून चालत जाता, टिटवी गप्प असते. एका अंतरावर ती उठून उभी राहते. अजून चार पावलं, की मान वरखाली. अजून थोडं, की आरडाओरडा आणि डोक्यावर घिरट्या. लोक म्हणतात टिटवी ओरडणं अशुभ. तिच्या अंड्यांसाठी तुम्ही अशुभ आहात, ते ती सांगत असते. तुमच्या लेकीला एक वही द्या आणि तिन्ही टप्पे पावलांत लिहायला सांगा: कधी उभी राहिली, कधी मान हलवली, कधी ओरडली. ओरडली की मागे फिरायचं, अंडी शोधत बसायचं नाही. तुम्ही तिला उठवून ठेवलंत तर मेच्या उन्हात ती अंडी शिजतात, आणि वर कावळा टपलेला असतोच. दोन रविवारांत पोरगी दुसऱ्या टप्प्यावर आपोआप थांबायला लागेल. लडाखमध्ये तेवढंच हवंय.

दुसरा धडा वानरांचा. अंजनेरीच्या झाडीत काळतोंड्या वानरांच्या टोळ्या आहेत. त्यांचा ‘खॅक’ असा कोरडा, खोकल्यासारखा आवाज एकदा तरी ऐकून ठेवा. पहारेकरी वानर झाडाच्या शेंड्यावर बसून एकाच दिशेला बघत तो आवाज देतं, तेव्हा बहुतेकदा त्या दिशेला बिबट्या असतो. तुम्हाला बिबट्या दिसणार नाही, आणि नको. पण वानर कुठे बघतंय ते बघायची सवय लागते. मार्मोट आकाशाकडे बघत ओरडला तर गरुड, जमिनीकडे बघत ओरडला तर कोल्हा, लांडगा, नाहीतर तुम्ही. प्राणी कुठे बघतोय ते बघा. निम्मी दुर्बीण तिथेच वाचते.

आणि गिधाडं. अंजनेरी आणि ब्रह्मगिरीच्या कड्यांत लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, आणि नाशिककरांना जितकं याचं अप्रूप वाटायला हवं तितकं ते वाटत नाही. एक जोडी हंगामात एकच अंडं घालते, हिवाळ्याच्या सुरुवातीला, आणि पिल्लू उडायला लागतं ते साधारण एप्रिल-मेमध्ये. म्हणजे तुमच्या सरावाच्या नेमक्या दिवसांत. कड्यावर पांढरे ओघळ दिसले, चुन्याचा डबा लवंडल्यासारखे, की तिथे बैठक आहे समजा. सकाळी सात-आठला ती कपारीत बसलेली असतात, पंख जरा सैल सोडून ऊन घेत. हवा तापून वर उठायला लागली की एकेक जण कड्यावरून नुसतं पाऊल सोडल्यासारखं खाली पडतं आणि मग पंख न हलवता वर येतं. दोन मीटरच्या वर पसारा, आणि तुम्ही कड्याच्या माथ्यावर असाल तर पाठ तुमच्या पायाखाली. पक्ष्याची पाठ वरून बघायला मिळणं म्हणजे काय, ते एकदा बघाच.

एका मेमध्ये मी एका पिल्लाला पूर्ण सकाळ बघितलं. पिल्लू म्हणजे आईबापांएवढंच, फक्त मानेवर पांढरट लव. ते कपारीच्या काठावर येऊन पंख पसरायचं, वारा भरला की दोन्ही पाय क्षणभर सुटायचे, आणि घाबरून ते मागे सरकायचं. असं मी एकवीस वेळा मोजलं. बाविसाव्या वेळी काय झालं ते मला माहीत नाही, कारण साडेदहा वाजले होते आणि गटाला खाली आणायचं होतं.

ही गिधाडं एवढी कमी झाली ती जनावरांना द्यायच्या डायक्लोफिनॅक या वेदनाशामकामुळे. ते दिलेली गुरं मेली आणि गिधाडांनी खाल्ली की गिधाडांची मूत्रपिंडं निकामी होतात. गुरांसाठी त्यावर २००६ साली बंदी आली. आज अंजनेरीला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा आहे, नाशिकजवळच्याच बोरगडला तो २००८ पासून आहे. तेव्हा कड्याच्या टोकाला उभं राहून आरोळी ठोकणं, आवाज घुमतो का ते बघणं, ड्रोन उडवणं, हे सगळं घरट्यावरच्या पिल्लाला दचकवून खाली पाडू शकतं. ड्रोनवाले दिसले तर मी भांडते. तुम्हीही भांडा.

येवल्याच्या पुढे ममदापूरला काळविटांचं राखीव क्षेत्र आहे. तिथे डोंगर नाही, पण अंतराचा सगळ्यात चांगला तास तिथे मिळतो. काळवीट गाडीला फारसं भीत नाही. दार उघडलं की कळप मान वर करतो. एक पाय खाली ठेवला की चालायला लागतो. दोन्ही पाय ठेवले की उधळतो. तिथे गाडीतच बसा, काच खाली, इंजिन बंद. आणि उघड्या माळावर एखाद्या दगडावर लक्ष ठेवा: उन्हाळा सुरू झाला की गळ्याला पंखा असलेले सरडे तिथे चढून बसतात, नर गळ्याची निळी-काळी-नारिंगी पिशवी फटकन उघडतो आणि मिटतो. बोटभर प्राणी, पण मुलांना तो गिधाडापेक्षा जास्त आवडतो, हे मी कबूल करते.

उन्हाळ्यात इथल्या डोंगरात दोन गोष्टींना मी खरंच भिते. एक वणवा. वाळलेल्या गवतात एक विडी पुरते, आणि त्या आगीत टिटवी, चंडोल, सरडे, ससे, सगळ्यांची त्या वर्षाची पिढी जाते. धूर दिसला तर चढायचं नाही, उतरायचं. दुसरी आग्यामोहोळं. गडांच्या कड्यांत, बुरुजांखाली ती लटकलेली असतात. सेंट लावून, धूर करून, दगड भिरकावून जाऊ नका. मोहोळ उठलंच तर तोंड-डोकं ओढणीने झाकून सरळ पळायचं, हात उडवायचे नाहीत. सासऱ्यांना घेऊन जाताना जिथे मोहोळ आहे ती वाटच टाळा.

काजवेही विचारलेत. ते मेअखेरीस, पहिल्या सरींच्या आधी, भंडारदऱ्याच्या बाजूला. हिरडा, बेहडा, सादड्याची झाडं एकाच तालावर लुकलुकतात. तुमच्या निघण्याच्या आठवडाभर आधी जमेल. गाडीचे दिवे आणि मोबाइलची बॅटरी बंद ठेवणारी माणसं बरोबर असतील तरच जा, शनिवार टाळून.

परत लडाख. मार्मोटभोवती एक अख्खा संसार असतो, त्यामुळे बिळं सापडली की तिथेच थांबा, पुढच्या ‘पॉइंट’ला पळू नका. त्याला खायला सोनेरी गरुड येतो, तांबडा कोल्हा येतो, उन्हाळ्यात हिमबिबट्यासुद्धा त्याच्यावर गुजराण करतो. हानलेकडचं पल्लासचं रानमांजर त्याच्या सोडलेल्या बिळात राहतं. दगडांच्या फटीत मुठीएवढा, बिनशेपटीचा, गोल कानांचा प्राणी सुर्रकन गेला तर तो उंदीर नाही, पिका, सशाचा नातलग. पठारावर तांबूस-पांढरी रानगाढवं, कियांग, दिसतील. ती गाडीला समांतर पळतात आणि ड्रायव्हर लोकांना शर्यत लावायचा मोह होतो. आधीच सांगून ठेवा, की शर्यत नको.

पण मला तुमच्या लेकीला दाखवायचाय तो चक्रवाक. ब्राह्मणी बदक म्हणतात तोच, केशरी अंगाचा. हिवाळ्यात तो आपल्या नांदूर मध्यमेश्वरला असतो, निफाडजवळ, गोदावरी आणि कादवा मिळतात तिथे. २०२० साली रामसर या आंतरराष्ट्रीय पाणथळ जागांच्या यादीत आलेली महाराष्ट्रातली पहिली जागा ती. मार्चपर्यंत बहुतेक परततात. जूनमध्ये त्सो कारच्या काठाला उभ्या राहा, तोच केशरी पक्षी, तोच भोंग्यासारखा आवाज. तिथे त्याचं घर असतं. तो कड्यातल्या भोकांत, प्राण्यांच्या जुन्या बिळांत अंडी घालतो आणि पिल्लांना पाण्यापर्यंत चालवत नेतो. निफाडच्या उसाशेजारी पोसलेला पक्षी तिथे बघितला की माझा दरवर्षी गळा दाटतो. आता तो वयाचा परिणाम असेल. नुकताच हिवाळा संपलाय, लेकीने नांदूरला त्याला पाहिलं असेल तर ओळखायला सांगा, नसेल तर येत्या जानेवारीत उलट क्रमाने भेट घालून द्या.

आता बिस्किट. पहिल्यांदा लडाखला गेले तेव्हा माझ्याकडूनही हे झालंय. डब्यात नाशिकचा चिवडा होता, एक मार्मोट जवळ आला, मी शेंगदाणे टाकले. त्याने दोन्ही हातांत धरून खाल्ले, आम्ही सगळे खूश. पुढच्या वर्षी त्याच वळणावर थांबलो तर चार मार्मोट गाडीखाली शिरले. पुढे शंभर पावलांवर एक रस्त्यावर चिरडलेला पडला होता. माझ्या शेंगदाण्यानेच तो मेला असं कोणी म्हणणार नाही, पण मी म्हणते. गवत आणि मुळांवर चरबी साठवणाऱ्या प्राण्याला साखर-मीठ-मैदा काय कामाचा, आणि रस्त्याकडे धाव घेणारी पिल्लं पुढे कोल्ह्याला कशी ओळखणार?

हात लावायचा नाही याला आणखी एक कारण आहे. मध्य आशियातल्या मार्मोटांमध्ये, तिबेटच्या पठारावरच्या हिमालयी मार्मोटमध्येसुद्धा, प्लेगचे जंतू टिकून असतात आणि पिसवांमार्फत पसरतात. १९१०-११ साली मंचुरियात मार्मोटच्या कातड्यांच्या धंद्यातून जो प्लेग पसरला त्यात सुमारे साठ हजार माणसं गेली. साठ पावलांवरून बघणाऱ्याला यातलं काही होत नाही. पण मेलेला मार्मोट दिसला तर मुलीला त्याच्याजवळ जाऊ देऊ नका.

उंचीबद्दल स्पष्ट सांगते. कळसूबाई १,६४६ मीटर, आणि लेह ३,५०० च्या आसपास. इथे कितीही चढलात तरी उंचीची सवय होत नाही, ती फक्त तिथे राहून होते. विमानाने जाणार असाल तर लेहमध्ये किमान दोन पूर्ण दिवस काही करू नका. पँगाँगच्या वाटेवरची ‘चांग ला’ ही खिंड ५,३०० मीटरच्या वर आहे. मुलं ‘डोकं दुखतंय’ न म्हणता नुसती चिडचिड करतात, जेवण टाकतात. तीच खूण समजा आणि बरं वाटेपर्यंत वर जाऊ नका, वाढलं तर खाली उतरा. सासऱ्यांच्या गोळ्यांचं, आणि डायमॉक्स ही उंचीच्या त्रासावरची गोळी घ्यायची की नाही याचं, त्यांच्या डॉक्टरांना निघायच्या तीन आठवडे आधी विचारा, व्हॉट्सअ‍ॅपवर नाही.

फोटोचं म्हणाल तर साठ पावलांवरचा मार्मोट मोबाइलमध्ये दगडासारखा येतो. आठ पटींची दुर्बीण घ्या, दहा पटींची नको, पठारावरच्या वाऱ्यात चित्र थरथरतं. मोबाइलचं भिंग दुर्बिणीच्या डोळ्याला टेकवून बरा फोटो निघतो. घरीच गच्चीवरून समोरच्या टाकीवरच्या घारीवर हात बसवा. बसायला मॅट, वारा अडवणारं जाकीट, गडद काचेचा चष्मा. कपडे मातकट, कुरकुरणारे नकोत.

आणि लेकीचा प्रश्न. नाही, ओठांनी नाही. आपण जिला शीळ म्हणतो ती खरं तर किंकाळी आहे, आपण ओरडतो तशीच घशातून निघालेली, फक्त इतकी बारीक आणि तोडलेली की कानाला शिट्टी वाटते. दुर्बिणीतून बघितलं तर तोंड उघडलेलं दिसतं, पुढचे लांब दात दिसतात आणि आवाजाबरोबर पोटाला हिसका बसतो. फक्त ते बघायला मिळावं म्हणून त्याच्या जवळ जायचं नाही, हे तिला सांगा. साठ पावलांवर बसून राहायचं. कधीतरी वरून गरुडाची सावली उतारावरून सरकत येते, आणि मग तो आपणहून ओरडतो.